इवायाची चाकं

कंधारच्या बाजारात मलप्पाचं भांड्यांचं दुकान. माणूस सरळ, देवभोळा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण फिकीर करण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात सापडायचा नाही. दुकानाला कुलूप घातलं की चार पावलं जाऊन परत यायचा, कुलूप ओढून बघायचा, पुन्हा कोपऱ्यावरून माघारी फिरायचा. बायको शांतम्मा म्हणायची, चोर काही तोडायचा नाही, तुमच्या ओढण्यानंच ते कुलूप एक दिवस हातात यायचं.

त्याच्या ह्या स्वभावाचा गिऱ्हाइकाला मात्र फायदा होता. हंडा असो, कळशी असो, प्लास्टिकची कॅन असो, पाण्यानं भरून बघितल्याशिवाय मलप्पा कुणाच्या हाती वस्तू देत नसे. नुसतं वाजवून, फुंकून काय कळतंय, आत भार पडू द्या, मग भांडं बोलतंय, असं तो प्रत्येकाला सांगायचा. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा आठवा. त्या उन्हाळ्यात तांब्या-पितळेकडं कुणी बघेना आणि कॅनी-ड्रमांचा माल पुरेना. तरी ह्यानं नेम सोडला नाही. दोन बादल्या पाणी ठेवलेलं असायचं, तेच ह्या कॅनीतून त्या कॅनीत फिरायचं आणि संध्याकाळी मागच्या अंगणातल्या बेलाच्या बुडाशी जायचं. लोक हसायचे. हा गुमान भरून बघायचा.

असा हा माणूस. आणि त्यानंच, सगळं सोडून त्यानंच, ती चूक करावी?

मलप्पाला एकच लेक, महादेवी. लातूरला दिलेली. सासरे अमृतराव, म्हणजे मलप्पाचे इवाई, व्याही; गंजबाजारात डाळीची आडत, घर भरलेलं, माणसं मोकळ्या मनाची. खोट काढायला जागा नाही. पण मलप्पाच्या घराण्यात एक रीत होती: दिलेल्या लेकीला मूल होत नाही तोवर बापानं तिच्या घरचा घास घ्यायचा नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. मलप्पाच्या बापानं पाळली, आज्यानं पाळली. मग मलप्पा काय मोडतो! लातूरला गेला की ओसरीवर बसायचा, आपल्या पिशवीतली आपली बाटली काढायचा, दोन घोट घ्यायचा आणि उठायचा. अमृतरावांनी पहिल्या वर्षी आग्रह करून बघितला, मग सोडून दिलं. शहाणा माणूस. पण दरवेळी चहाचा ट्रे आतून बाहेर यायचा आणि तसाच आत जायचा, तेव्हा दोघांनाही कुठं बघावं कळायचं नाही.

महादेवीला दिवस गेले ते नेमके ह्या दुष्काळात. लातूरच्या नळाला पाणी म्हणजे उंबराचं फूल झालेलं. टँकर यायचा, कधी यायचा नाही, आला तर गढूळ. मलप्पाचा जीव टांगणीला लागला. त्याच्या परसातल्या आडाला अजून थोडं पाणी होतं. मग तो दर आठवड्याला मोठाल्या चार कॅनी भरायचा, गाडीत मागं ठेवायचा, वर वाकळ टाकायचा आणि उजाडायच्या आत लोह्याच्या रस्त्याला लागायचा. वाकळ कशाला? तर गावाला कळू नये म्हणून. कंधारलाही बायाबापड्या घागरी घेऊन वणवण करून राहिल्या होत्या, आणि हा भला माणूस गावचं पाणी दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन राहिला, असं कुणी म्हटलं असतं तर मलप्पा तिथंच जमिनीत गेला असता. टायरवाल्या सिद्धरामाला, शेजाऱ्याला, देवळातल्या पुजाऱ्याला, कुणालाही त्यानं सांगितलं नव्हतं. शांतम्माला तेवढं ठाऊक. ती म्हणायची, त्यांच्या घरचा घोट घ्यायचा न्हाई आन् त्यांना मात्र पाजायचं, हे बरं हाय तुमचं.

लेकीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायचा दिवस ठरला. सोमवार. शांतम्माचे गुडघे धरलेले, तिला लांबचा प्रवास होत नव्हता, म्हणून मलप्पानंच जायचं. आणि नेमकं त्याआधी काय व्हावं? फुलवळजवळ पाइपासाठी रस्ता खणून ठेवलेला, त्या चरात मलप्पाची गाडी आदळली आणि पुढच्या चाकाची डिस्क, म्हणजे टायरातली लोखंडी रिंग, वाकली. स्टेपनी चढवून घरी आला खरा, पण आता स्टेपनी उरली नाही. जुन्या मॉडेलची गाडी. कंधारात तशी डिस्क नाही, मुदखेडला नाही, नांदेडला सांगितलं तर म्हणाले मागवून घेऊ, बघू. बघू म्हणजे काय! पोटुशी लेक मागं बसलेली, बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, निम्म्या वाटेत टायर बसलं तर? मलप्पाला जेवण जाईना. हे तो फोनवर लेकीजवळ बोलून गेला, आणि तिथंच फसला.

कारण तिसऱ्या दिवशी लातूरहून नांदेडला डाळ घेऊन जाणाऱ्या ट्रकवाल्यानं वाटेत लोह्याला थांबून फोन केला: तुमचा माल उतरवून घ्या. माल म्हणजे चार चकचकीत अलॉय चाकं, टायरांसकट. जावयानं जुनी गाडी विकली तेव्हा घेणाऱ्याला साधीच चाकं पाहिजे होती, म्हणून ही आडतीत पडून राहिलेली. सोबत फडक्यात बांधलेले नट. त्यामागोमाग अमृतरावांचा फोन. नुसती पडूनच हाईत, इवाई, म्हणाले, लेकरू सुखरूप घरी पोचावं म्हणून धाडलीत, न्हाई म्हणू नका.

आता काय करायचं? पाण्याचा घोट चालत नाही, तिथं चार चाकं! घ्यावीत तर रीत मोडते, परत करावीत तर इवायाचं तोंड कडू होतं, आणि त्याचा चटका बसायचा तो लेकीला. मलप्पा रात्रभर कूस बदलत राहिला. पहाटे लिंगपूजा करता करता त्याला उपाय सुचला, आणि सुचला म्हणून जरा लाजही वाटली. चाकं दुसऱ्या गाडीची आहेत. समजा, बसलीच नाहीत तर? मग कुणाचाच दोष नाही. लई चांगली होती हो, पण बसंनात, म्हणून सांगायचं. नांदेडला पुन्हा फोन करून डिस्कसाठी तगादा लावायचा. झालं.

चाकं टेम्पोत घालून, मागोमाग आपली गाडी घेऊन तो बसस्टँडजवळच्या सिद्धरामाच्या टायरच्या दुकानी गेला. तिथं बाकावर नेहमीची मंडळी बसलेली. उदगीर जिल्हा होणार म्हणून बातमी उठली होती आणि कंधार-लोहा तिकडं जाणार का नांदेडातच राहणार, यावर त्यांची जुंपली होती. एकजण म्हणाला, पाण्याचा पत्ता न्हाई आन् जिल्हा कशाला पाहिजे. दुसरा म्हणाला, जिल्हा झाला म्हणजेच पाणी येईल. एरवी मलप्पा त्यात पडला असता, नवा जिल्हा झाला तर गाडीचा नंबर बदलावा लागतो का, ही फिकीर त्याला बातमी ऐकल्यापासून होती. पण त्या दिवशी त्याचं सगळं ध्यान चाकांत.

सिद्धराम मोजका बोलणारा, कामाचा माणूस. मलप्पा म्हणाला, दुसऱ्या गाडीची चाकं हाईत, बसायची न्हाईत, तरी बघ बाबा. सिद्धरामानं आधी भोकं मोजली. गाडीला चार बोल्ट, चाकाला चार भोकं. मलप्पा खट्टू झाला. मग म्हणाला, भोकांमधलं अंतर वेगळं असणार. सिद्धरामानं पट्टी लावली, समोरासमोरच्या भोकांचं अंतर घेतलं, खात्री म्हणून वाकलेली डिस्क पालथी घालून त्यावर अलॉय ठेवलं आणि भोकांतून बघायला लावलं. चारी भोकांतून खालची जमीन दिसत होती, म्हणजे भोकांवर भोकं बरोबर आली होती.

मधलं मोठं भोक मात्र जरा सैल निघालं. मलप्पाच्या जीवात जीव आला. बघ, ढिलं हाय, हे चालायचं न्हाई, म्हणाला. सिद्धरामानं खणातून प्लास्टिकची कडी काढली, भोकात बसवली आणि चाक पक्कं झालं. नटांचं कसं करायचं, जुने नट ह्याला चालत नाहीत म्हणे, असं मलप्पानं विचारलं. इवायांनी नट धाडलेलेच होते. घ्या. स्टिअरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, पुढचं टायर कुठं घासेना. मलप्पानं वाकून बघितलं, बसून बघितलं, शेवटी उताणा पडून बघितलं. बाकावरची मंडळी जिल्हा विसरून त्याच्याकडं बघायला लागली. एकजण म्हणाला, मलप्पा, चाकं बघून राहिलास का सोयरीक?

राहिलं मागचं. सिद्धराम म्हणाला की ही चाकं जुन्यापेक्षा थोडी बाहेर बसतात आणि टायरही जरा रुंद आहे. मागच्या मडगार्डाच्या काठात आणि टायरात त्यानं बोट घालून बघितलं. एक बोट बरोबर मावत होतं. मग त्यानं हात पुसत पुसत विचारलं, "मागं वजन किती असतंय?"

मंडळी ऐकत होती. कॅनीचं नाव काढायची सोय नव्हती.

"कुठलं वजन?" मलप्पा म्हणाला. "एकटाच तर असतो मी."

मग काय हरकत न्हाई, बसतात, म्हणून सिद्धरामानं चारी चाकं आवळली आणि जुन्यांतली एक चांगली डिस्क स्टेपनी म्हणून डिकीत टाकली. मलप्पाचे सगळे बहाणे संपले. मुकाट्यानं गाडी घेऊन घरी आला. गाडी दिसायला अशी झाली होती, की शांतम्मा म्हणाली, म्हातारपणी नवरदेव झालात की. त्याला हसू आलं नाही. आपण लेकीच्या घरचं घेतलं, ही टोचणी पायातल्या काट्यागत लागून राहिली.

सोमवारी पहाटे त्यानं नेहमीसारख्या चार कॅनी भरल्या. लेक इकडं येणार, मग पाणी कशाला, असं शांतम्मानं विचारलंच. तर म्हणाला, इवाई, इहीण तिथंच राहणार की, त्यांना बी तहान लागते. खरं कारण वेगळं होतं. चार चाकं घेतली, तर निदान चार कॅनी तरी पोचवाव्यात, म्हणजे जीव थोडा हलका होईल. झाकणं गळू नयेत म्हणून त्यानं प्रत्येक झाकणावर ओलं फडकं घट्ट बांधलं, वर वाकळ टाकली आणि निघाला.

लोह्याच्या पुढं पहिल्याच ब्रेकरवर मागून आवाज आला. खर्र. पुढच्या खड्ड्यात पुन्हा, खर्र. माळाकोळीला त्यानं गाडी बाजूला घेतली, उतरून बघितलं. टायरच्या कडेला घासल्याची लकेर होती. बोट फिरवलं तर बोट काळं झालं. आता टायर काळं आहे, तर बोट काळंच होणार, असं म्हणून त्यानं स्वतःला समजावलं. आणि त्याच्या मनातलं खरं सांगायचं तर असं, की त्याचा स्वतःवरच विश्वास राहिला नव्हता. आठवडाभर आपण ह्या चाकांत खोट शोधून राहिलोत, त्याला वाटलं, सापडली नाही म्हणून आता कान वाजायला लागले. रीत मोडली, त्याचा हा आवाज आहे, चाकाचा नाही. आणि समजा खरंच घासतंय, तर कुणाला सांगणार? सिद्धराम म्हणेल, फाटे फोडायची सवयच आहे ह्याला. इवाई म्हणतील, घ्यायचंच नव्हतं म्हणून काढलं काहीतरी. तो गाडीत बसला आणि रेडिओ मोठा केला.

लातूरला पोचल्यावर कॅनी उतरवून ओसरीत ठेवल्या. मग कुणी बघत नाही असं बघून मलप्पानं मागच्या मडगार्डात बोट घालून बघितलं. बोट मोकळं आत गेलं. त्याला हायसं वाटलं. अहो, जन्मभर भांडी भरून बघणारा माणूस, आणि गाडी रिकामी करून बघतोय! पण फिकिरीनं माणसाचं डोकं चालत नाही ते असं.

अमृतरावांनी बाहेर येऊन चाकांवर थाप मारली आणि विचारलं, बसली का नीट. त्यांच्या दारात उभं राहून दुसरं काय सांगणार? लई झकास, म्हणाला. आतून चहाचा ट्रे आला, तसाच गेला. मलप्पानं आपली बाटली काढून दोन घोट घेतले. विहीणबाईंनी सुनेची ओटी भरली, मलप्पाकडं बघून पदरानं डोळे पुसले, आणि मग सामान यायला लागलं. महादेवीची पेटी, कपड्यांचं बोचकं, बाळंतविड्याची टोपली, मागच्या आठवड्याच्या रिकाम्या कॅनी, आणि हमालाच्या पाठीवरून तुरीच्या डाळीचं आख्खं पोतं. मलप्पा आडवा झाला, हे न्हाई चालायचं म्हणाला. अमृतराव म्हणाले, हे तुम्हाला कुठं दिलंय, आमच्या सुनंला दिलंय, ती खाईल, तुम्ही नुसतं बघा. मलप्पा बाजूला सरकला. पोतं डिकीत गेलं, गाडी मागून दबली, आणि तो निघाला.

बायपास ओलांडला तसा आवाज सुरू झाला. सकाळच्यापेक्षा मोठा. आता ब्रेकर लागत नव्हता, साधा उंचवटा आला तरी खर्र. महादेवी मागं उशीला टेकून बसलेली. तिनं दोनदा मान वळवून मागं बघितलं. मलप्पानं गाडी इतकी हळू केली, की बैलगाडीवाल्यानं वळून बघावं. थांबावं तर कुठं, चारी बाजूंनी करपलेलं रान, झाडाला पान नाही. न थांबावं तर मागं लेक, तिच्या पोटात लेकरू. त्याला वाटलं, देवा, माझ्या रितीचं काय करायचं ते माझं कर, तिला कशाला त्यात घेतोस.

चाकूरच्या पुढं महादेवी म्हणाली, "आप्पा, काहीतरी जळून राहिलंय."

मग मात्र मलप्पानं गाडी रस्त्याकडेच्या एका लिंबाखाली घेतली. उतरला तर उजव्या मागच्या चाकातून धूर. त्याला काही सुचलं नाही. पिशवीतली आपली बाटली काढली आणि होतं नव्हतं ते सगळं पाणी त्यानं टायरवर ओतलं. चर्र करून वाफ आली. धूर थांबला, आणि मग दिसलं. मडगार्डाच्या काठानं टायरची कड कापत नेली होती, आतले धागे बाहेर आलेले. आणखी दोन-चार कोस गेला असता आणि घाटाच्या उतारावर टायर फुटलं असतं. दुसऱ्या बाजूचंही तसंच व्हायला लागलेलं. डिकीतलं पोतं बघितलं, दबलेली गाडी बघितली, आणि सिद्धरामाचा प्रश्न त्याच्या कानात पुन्हा वाजला. मागं वजन किती असतंय?

मलप्पा तिथंच धुळीत बसला. महादेवीला त्यानं दार उघडून सावलीत बसवलं, तिच्या कपाळाला हात लावून बघितला, पोटात दुखत नाही ना म्हणून तीन वेळा विचारलं. ती म्हणाली, मी बरी हाय, आप्पा, तुम्हीच बसा अगोदर. स्टेपनी एकच आणि चाकं दोन कापलेली. फोन कुणाला करायचा? कंधार लांब. जवळ एकच माणूस होता. ज्याची चाकं त्यालाच फोन करायचा, ह्याची मलप्पाला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. पण लेक सावलीत हाश्शहुश्श करत होती. त्यानं अमृतरावांना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, हलू नका, आलोच.

ऊन नुसती आग ओकत होतं. मलप्पाची जीभ टाळूला चिकटली. बाटली टायरवर रिकामी झालेली, जवळपास हॉटेल नाही, रस्त्याला वाहन नाही. त्याला डोळ्यापुढं अंधारी आली आणि तो लिंबाच्या खोडाला धरून उभा राहिला. महादेवीनं आपल्या पिशवीतून स्टीलची बाटली काढून पुढं केली. त्यानं हात पुढं केला आणि मागं घेतला.

"कुठलं हाय?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच आणलेलं हाय," ती म्हणाली. "आपल्या आडाचं. सकाळी कॅनीतनं भरून घेतलं."

मग त्यानं बाटली उचलली आणि घटाघटा प्याला. पाणी पोटात गेलं तसा त्याचा जीव ठिकाणावर आला. थोडं मचूळ लागलं, पण उन्हानं तोंडाची चव गेली असेल, असं त्याला वाटलं. महादेवी त्याच्याकडं बघत होती. लहानपणी ताप आला की तो तिच्याकडं असंच बघत बसायचा.

तासाभरात अमृतरावांची जीप आली. ते आधी सुनेजवळ गेले, तिला बघितलं, मग चाकाजवळ येऊन बसले. कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "चूक माझी," म्हणाले. "दुसऱ्या गाडीची चाकं नीट चौकशी न करता धाडली. माझ्या हातनं काय होऊन बसलं असतं!"

आता बघा, मलप्पाला आयती संधी होती. मी म्हणतच होतो बसायची न्हाईत म्हणून, एवढं म्हटलं असतं की काम झालं. चाकं परत, रीत शाबूत, दोष इवायाच्या पदरी. आठवडाभर तो ह्याच एका वाक्याची वाट बघत होता. पण समोर वाकून बसलेल्या माणसाची मान त्याला बघवली नाही.

"चाकं बसत होती, इवाई," तो म्हणाला. "टायरवाल्यानं वजन विचारलं, ते मी लपवलं. पाणी घेऊन येतो हे लोकांना कळंल म्हून. सकाळीच घासून राहिलं होतं, तरी मी कानाडोळा केला. आन् खरं सांगू का, ती बसू नयेत असंच मला वाटत होतं. तुमच्या घरचं घ्यायचं न्हाई म्हून."

अमृतरावांनी काळं झालेलं बोट रुमालाला पुसलं. मग हसले, पण हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. म्हणाले, "ते का मला कळत न्हाई? माझी लेक उदगीरला दिलीय. अजून तिला लेकरू न्हाई. मी बी तिथं ओसरीवर माझीच बाटली घेऊन बसतो."

इतक्या वर्षांत हे मलप्पाला ठाऊक नव्हतं. त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

मग अमृतराव उठले, जीपच्या मागं गेले आणि तिथून एक कॅन ओढली. म्हणाले, तुम्ही उन्हात, तहानेनं जीव गेला असेल, आमचं तर तुम्ही पीत न्हाई, म्हून तुमचंच पाणी घेऊन आलो. सकाळी ठेवलं तसंच हाय, चारीतल्या एकाही कॅनीला हात लावला न्हाई अजून. कालच टँकर आलाय, तेच वापरून राहिलोत. त्यांनी कॅन लिंबाखाली आणून ठेवली.

मलप्पानं कॅनीकडं बघितलं. झाकणावर त्यानंच पहाटे बांधलेलं फडकं, त्याचीच गाठ. सुटलेली नव्हती. मागच्या आठवड्याच्या कॅनी तर रिकाम्या होऊन डिकीत परत निघालेल्या. मग त्यानं खोडाजवळ ठेवलेल्या स्टीलच्या बाटलीकडं बघितलं, आणि मग लेकीकडं. महादेवी पदराशी चाळा करत रस्त्याच्या पलीकडं बघत होती. तिचे कान लाल झालेले. लहानपणी लबाडी केली की असेच व्हायचे.

त्याला आधी धक्का बसला. आज्या, बाप, सगळे डोळ्यापुढं उभे राहिले. मग त्याला आठवलं, की ते पाणी प्याल्यावर डोळ्यापुढची अंधारी गेली होती. टँकरपुढं ह्या घरची माणसं उन्हात उभी राहिली असतील, तेव्हा ते मिळालं असेल. त्यातलं वाटेसाठी म्हणून सुनेच्या बाटलीत गेलं, आणि तिनं ते बापाला पाजलं. काहीही वाईट झालं नव्हतं. लेक समोर धडधाकट बसली होती.

अमृतराव कॅनीची गाठ सोडायला वाकले. मलप्पानं त्यांचा हात धरला.

"राहू द्या, इवाई," तो म्हणाला. मग लेकीकडं वळून त्यानं हात पुढं केला. "म्हादे, हाय का गं अजून बाटलीत?"

"कुठलं, आप्पा?" तिनं खाली मान घालूनच विचारलं.

"तुझ्या घरचं."

महादेवीनं वर बघितलं. तिनं बाटली उचलली, हलवून बघितली, आणि झाकण काढून त्याच्या हातात दिली. तळाशी दोन घोट होते. मलप्पानं एक घेतला आणि बाटली अमृतरावांपुढं धरली, आणि त्यांनी दुसरा घेतला.

मग दोघांनी मिळून डाळीचं पोतं जीपमध्ये टाकलं, पेटी टाकली, टोपली, बोचकं, रिकाम्या कॅनी, सगळं टाकलं. महादेवीला जीपच्या पुढच्या सीटवर बसवलं. जास्त कापलेलं चाक काढून तिथं स्टेपनी चढवली. दुसऱ्या चाकाच्या मडगार्डात मलप्पानं बोट घातलं, आणि ह्या वेळी अमृतरावांना म्हणाला, तुम्ही मागं बसा बरं जरा, भार देऊन बघू. अमृतराव जाडजूड गडी, ते डिकीत बसले. गाडी दबली, बोट अडकलं. मग एकट्या मलप्पानंच गाडी चालवायची आणि मागं काही ठेवायचं नाही, असं ठरलं.

जीप पुढं निघाली. मलप्पा रिकामी गाडी घेऊन हळूहळू तिच्या मागं कंधारकडं निघाला. अहमदपूरपर्यंत प्रत्येक ब्रेकरवर तो कान देऊन ऐकत होता. आवाज आला नाही.